डी कमी आलं म्हणून हृदयाची वायरिंग बिघडते का?

छातीत मधूनच एक ठोका गळाल्यासारखा व्हायचा आणि पुढचा दाणकन यायचा, असं दोन-तीन आठवडे चाललं म्हणून मी तपासायला गेले. ईसीजी नॉर्मल. रक्ताच्या रिपोर्टात बाकी सगळं ठीक आणि व्हिटॅमिन डी ११, शेजारी ठळक अक्षरात 'कमी'. झालं, घरात निदान होऊन गेलं, डी कमी आहे म्हणूनच ठोके चुकतायत, गोळ्या घे आणि गप बस. मीही दोन दिवस तेच धरून चालले होते. मग वाचायला बसले तर एका बाजूला लोक सांगतायत की डी भरून काढलं की हृदय सुतासारखं सरळ चालतं, दुसऱ्या बाजूला लोक म्हणतायत डी-बिडी सगळं थोतांड, आणि दोन्ही बाजू मधल्या एका पात्राचं नावच घेत नाहीत. ते पात्र म्हणजे कॅल्शियम. डी आणि हृदयाची वीज यांच्यात जी काही खात्रीची देवाणघेवाण आहे ती जवळजवळ सगळी कॅल्शियमच्या हातून होते.

आधी ही वीज म्हणजे काय ते बघू. वीज म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे वायर येते, बटण दाबलं की करंट धावला असं, पण हृदयात तांब्याची तार नाही, तिथे क्षार आहेत. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम हे पाण्यात विरघळले की त्यांच्या कणांवर चार्ज असतो, आणि पेशीच्या पातळ पापुद्र्यात या एकेकासाठी वेगवेगळी दारं असतात, त्यांना चॅनेल म्हणतात. पेशी शांत असते तेव्हा तिची आतली बाजू बाहेरच्यापेक्षा साधारण ९० मिलिव्होल्टने निगेटिव्ह असते. मग सोडियमची दारं फटकन उघडतात, बाहेरचं सोडियम आत घुसतं, आतली बाजू क्षणात पॉझिटिव्ह होते, त्याचा धक्का शेजारच्या पेशीला लागतो, तिची दारं उघडतात, मग तिच्या शेजारची. वाऱ्याने उभ्या पिकावरून लाट जाते ना, एकही रोप जागा सोडत नाही पण लाट या बांधापासून त्या बांधापर्यंत पोचते, तसंच. ही लाट उजव्या वरच्या कप्प्यातल्या सायनस नोड नावाच्या पेशींच्या पुंजक्यात सुरू होते, आराम करत असताना मिनिटाला ६० ते १०० वेळा, मधे वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या एव्ही नोड नावाच्या पुंजक्यापाशी सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याइतकी थबकते म्हणजे वरचे कप्पे रक्त खाली ढकलून मोकळे होतील, आणि मग खालच्या मोठ्या कप्प्यांत पसरते. दिवसाला लाखभर वेळा हे होतं, आपण झोपलेलो असतानाही.

यात कॅल्शियमचं काम आहे हे कळलं ती गोष्ट मजेशीर आहे. १८८०च्या सुमारास लंडनमध्ये सिडनी रिंगर नावाचे डॉक्टर बेडकाचं हृदय मिठाच्या पाण्यात ठेवून ते किती वेळ धडधडतं ते बघत होते. हृदय तासन्‌तास चालायचं, म्हणून त्यांनी १८८२ मध्ये लिहूनही टाकलं की साध्या मिठाच्या पाण्यावर भागतं. नंतर लक्षात आलं की मदतनिसाने ते पाणी डिस्टिल्ड वॉटरमध्ये न करता सरळ नळाच्या पाण्यात केलं होतं! खऱ्या डिस्टिल्ड पाण्यात केलं तर ठोके लगेच मंदावले आणि हृदय थांबलं. नळाच्या पाण्यात असं होतं तरी काय, तर विरघळलेलं कॅल्शियम. १८८३ मध्ये त्यांनी आपलंच आधीचं म्हणणं दुरुस्त केलं, आणि आज सलाईनच्या बाटल्यांवर 'रिंगर' हे नाव दिसतं ते याच माणसाचं. मदतनिसाने काम नीट केलं असतं तर हा शोध कदाचित आणखी काही वर्षं लांबला असता.

आता जरा जवळून बघू, कारण खरी गंमत इथे आहे आणि बऱ्याच लेखांत हाच भाग एका ओळीत उरकलेला असतो. हातापायाच्या स्नायूत किंवा नसेत विजेचा झटका येतो आणि काही मिलिसेकंदांत संपतो. हृदयाच्या खालच्या कप्प्यातल्या पेशीत मात्र तोच झटका २५०-३०० मिलिसेकंद टिकतो, म्हणजे पाव सेकंदाच्या वर. सोडियम आत आलं, व्होल्टेज वर गेलं, आणि खाली यायच्या ऐवजी ते तिथेच एका सपाट पठारावर रेंगाळतं. हे पठार कॅल्शियममुळे. बाहेरून कॅल्शियम हळूहळू आत येत असतं, आतून पोटॅशियम बाहेर जात असतं, दोघांची रस्सीखेच चालू असते आणि व्होल्टेज जागच्या जागी राहतं. पेशीच्या बाहेर मोकळं कॅल्शियम आतल्यापेक्षा साधारण १०,००० पट जास्त असतं, त्यामुळे दार किलकिलं झालं तरी ते आत यायला टपलेलंच असतं. आत आलेलं थोडंसं कॅल्शियम पेशीतल्या गोदामाचं कुलूप उघडतं, तिथून आणखी बरंच कॅल्शियम बाहेर पडतं आणि स्नायू आकसतो, म्हणजे वीज आणि प्रत्यक्ष पंपिंग यांना जोडणारा दुवाही हाच.

बरं, मग बाहेरचं कॅल्शियम कमी झालं तर काय होईल? कोणालाही वाटेल की आत येणारं कमी झालं म्हणजे पठार आखूड होईल. मलाही तसंच वाटलं होतं. होतं उलटंच, पठार लांबतं. कारण कॅल्शियमचं दार बंद कोण करतं, तर आत आलेलं कॅल्शियमच. दाराच्या आतल्या बाजूला एक प्रथिन बसलेलं असतं, पुरेसं कॅल्शियम जमलं की ते त्याला चिकटतं आणि दार लोटून घेतं. टाकी भरली की तरंगता गोळा वर येऊन नळ बंद करतो ना, अगदी तसं. आता वरून येणारी धारच बारीक असेल तर टाकी भरायला वेळ लागतो, गोळा उशिरा वर येतो आणि नळ जास्त वेळ चालू राहतो. म्हणून कॅल्शियम कमी तर पठार लांब, कॅल्शियम जास्त तर पठार आखूड. हे एवढं लक्षात ठेवलं तर पुढचं सगळं सोपं आहे.

हे पठार कागदावर दिसतं का? दिसतं, ईसीजीवर. विलेम आइंटहोव्हेन या नेदरलँड्समधल्या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला हे मशीन वापरात आणलं, तेव्हा माणसाला दोन हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावं लागायचं, १९२४ साली त्याला नोबेलही मिळालं, आणि पी, क्यू, आर, एस, टी ही अक्षरं त्यानेच दिलेली आहेत. पी म्हणजे वरच्या कप्प्यांची लाट, क्यूआरएस म्हणजे खालच्या कप्प्यांत वीज पसरली त्याचा उंच सुळका, मग थोडा सपाट तुकडा, आणि शेवटी टीचा गोल उंचवटा म्हणजे पेशी पुन्हा शांत होतायत. तो मधला सपाट तुकडा म्हणजेच आपलं पठार. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो म्हणून बारीक चौकोन ४० मिलिसेकंदांचा आणि जाड रेघांचा मोठा चौकोन २०० मिलिसेकंदांचा. क्यू सुरू झाल्यापासून टी संपेपर्यंतचा वेळ म्हणजे क्यूटी. ठोके जलद असले की तो आपोआप आखडतो म्हणून १९२० साली बॅझेटने सुचवलेल्या सूत्रासारख्या सूत्राने तो दुरुस्त करून घेतात, त्याला क्यूटीसी म्हणतात आणि रिपोर्टच्या कोपऱ्यात मशीनच तो छापून देतं. पुरुषांत साधारण ४५० आणि बायकांत ४६० मिलिसेकंदांच्या आत असेल तर ठीक, ५००च्या वर गेला की डॉक्टर खुर्चीत सरसावून बसतात. मशीनवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका मात्र, टी कुठे संपली हे ओळखण्यात ते बऱ्यापैकी गंडतं, ठोके जलद असले तर बॅझेटचं सूत्रही आकडा फुगवून दाखवतं, अनुभवी डोळ्यांनी पट्टी लावून मोजलेलं केव्हाही बरं.

कॅल्शियम कमी झालेल्या माणसाच्या ईसीजीत टीचा आकार साधारण तसाच राहतो, फक्त तिच्या आधीचा सपाट तुकडा रबरासारखा ताणला जातो. काही औषधं पोटॅशियमची दारं अडवून क्यूटी लांबवतात, तिथे टी स्वतःच पसरट आणि वेडीवाकडी दिसते. म्हणजे दोघांचा क्यूटी ४९० असला तरी जाणकार माणूस नुसत्या आकारावरून अंदाज बांधतो की हा कॅल्शियमचा खेळ आहे की गोळ्यांचा. क्यूटी लांबल्याची भीती कसली, तर पेशी पूर्ण शांत व्हायच्या आत नवा झटका पेटू शकतो आणि हृदय एका पिळवटलेल्या, अतिवेगवान तालात शिरू शकतं. देसर्तेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १९६६ साली त्याचं वर्णन केलं आणि नाव दिलं तोर्साद द प्वांत, कारण कागदावर टोकं खरंच पीळ दिल्यासारखी दिसतात. माणसाला एकदम भोवळ येते, कधी जीवही जातो. नुसत्या कमी कॅल्शियममुळे हे क्वचित होतं, पण त्यात कमी पोटॅशियम, कमी मॅग्नेशियम किंवा क्यूटी लांबवणारं औषध यांची भर पडली तर प्रकरण हाताबाहेर जायला वेळ लागत नाही.

इतका वेळ डी कुठेच आलं नाही बघा, आणि हेच मला सांगायचंय.

डी हे नावाला व्हिटॅमिन आहे, वागणं हार्मोनचं आहे. कातडीत कोलेस्टेरॉलच्या घराण्यातलाच एक पदार्थ असतो, त्याच्यावर उन्हातले यूव्हीबी किरण पडले की त्याचं डी३ होतं. ते यकृतात जातं, तिथे त्याचं २५-हायड्रॉक्सी डी होतं, रिपोर्टात आपल्याला दिसतं ते हेच, साठ्याचं माप. मग मूत्रपिंडात त्याच्यावर दुसरा शिक्का बसतो आणि खरं काम करणारं कॅल्सिट्रिऑल तयार होतं. या कॅल्सिट्रिऑलचं मुख्य काम म्हणजे आतड्यातून कॅल्शियम आत ओढणं. डी नसेल तर खाल्लेल्या कॅल्शियममधलं १०-१५ टक्केच शरीरात शिरतं, डी पुरेसं असेल तर ३०-४० टक्के. म्हणजे ताटात कितीही वाढा, दारावरचा माणूस गैरहजर असेल तर बहुतेक माल परत.

मग डी ११ असलेल्या प्रत्येकाचा ईसीजी बिघडायला हवा ना? नाही बिघडत, कारण रक्तातलं कॅल्शियम हे शरीर डोळ्यात तेल घालून सांभाळतं. डेसिलिटरला साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम, एवढ्याच पट्ट्यात ते ठेवायचं असतं. गळ्यात थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्यापेक्षा जराशा मोठ्या चार ग्रंथी असतात, पॅराथायरॉइड, त्या या घराच्या कारभारी. रक्तातलं कॅल्शियम रेसभर घसरलं की त्यांना लगेच कळतं आणि पॅराथायरॉइड हार्मोन सुटतं, ते मूत्रपिंडाला सांगतं कॅल्शियम लघवीतून जाऊ देऊ नकोस, डीवर दुसरा शिक्का भराभर मार, आणि हाडांना सांगतं ठेव मोडा. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं, म्हणजे मोडायला ठेव भरपूर. म्हणून डी कमी असलेल्या बहुसंख्य लोकांच्या रिपोर्टात कॅल्शियम अगदी नॉर्मल येतं, हृदयाला पत्ताही लागत नाही, बिल हाडं भरत असतात. हाडं दुखणं, मांड्यांत जोर नसणं, मुलांचे पाय वाकणं ही डी कमी असल्याची खरी लक्षणं, ठोका चुकणं हे त्या यादीत वरच्या नंबरवर नाहीच.

कारभाऱ्याचे हात बांधले गेले की मात्र चित्र पालटतं. डी महिनोन्‌महिने अगदी तळाला गेलेलं असतं आणि त्याच्या जोडीला आणखी काहीतरी असतं. मूत्रपिंड निकामी व्हायला लागलेलं असेल तर दुसरा शिक्काच बसत नाही. आतड्याचा आजार असेल किंवा वजन कमी करायला आतड्याचं बायपास ऑपरेशन झालं असेल तर डी आणि कॅल्शियम दोन्ही शोषलं जात नाही. फेनिटॉइन, फिनोबार्बिटालसारखी फिटची औषधं वर्षानुवर्षं चालू असतील तर यकृत डीची विल्हेवाट लवकर लावतं. थायरॉइडच्या ऑपरेशनमध्ये त्या चार ग्रंथींना इजा झाली तर कारभारीच गेला. आणि मॅग्नेशियम, ज्याला कोणी विचारत नाही, ते फार कमी असेल तर पॅराथायरॉइड हार्मोन नीट सुटत नाही आणि सुटलं तरी हाडं त्याचं ऐकत नाहीत, मग कितीही कॅल्शियम द्या आकडा वर सरकत नाही, आधी मॅग्नेशियम भरावं लागतं तेव्हा गाडी हलते.

अशा माणसात कॅल्शियम खरंच पडतं आणि ते आधी हृदयात नाही, नसांत बोलतं. ओठांभोवती मुंग्या, बोटांच्या टोकांना झिणझिण्या, पोटरीत गोळे. बीपीचा पट्टा दंडावर फुगवून दोन-तीन मिनिटं ठेवला तर हाताचा पंजा आपोआप आखडतो, बोटं सरळ राहून एकत्र येतात आणि अंगठा आत वळतो, बघायला विचित्र दिसतं. फार खाली गेलं तर फिट येते. आणि तान्ह्या बाळांचं वेगळंच, ज्या बाळाच्या आईलाच डी कमी आहे आणि बाळ फक्त अंगावरच्या दुधावर आहे, वरून डीचे थेंब चालू नाहीत, अशा बाळांत कधीकधी कॅल्शियम इतकं घसरतं की हृदय ताणलं जाऊन फुगतं आणि पंप कमजोर पडतो. वर सांगितलं ना, वीज आणि पंपिंग जोडणारा दुवा कॅल्शियम, तर तो दुवाच बारीक झालेला असतो. चांगली गोष्ट ही की वेळेत ओळखलं तर कॅल्शियम आणि डी दिल्यावर काही महिन्यांत यातली बरीच हृदयं पूर्वपदावर येतात, हृदय फुगण्याच्या फार थोड्या कारणांबद्दल असं म्हणता येतं.

मग डीचा हृदयावर थेट, कॅल्शियमला वळसा घालून काहीच परिणाम नाही का? प्रयोगशाळेत आहे. हृदयाच्या पेशींत डीचं कुलूप म्हणजे रिसेप्टर सापडतो, ज्या उंदरांत तो रिसेप्टर जन्मतःच काढून टाकलेला असतो त्यांच्यात रक्तदाब वाढवणाऱ्या साखळीतलं रेनिन हे द्रव्य वाढतं, रक्तदाब चढतो, हृदय जाड होतं. माणसांतही डी कमी असलेल्या लोकांत हृदयाचे आजार जास्त दिसतात, ठोक्यांमधला नैसर्गिक चढउतार कमी असतो असं काही छोट्या पाहण्यांत आलंय. पण इथे घाई करू नका. जो माणूस आजारी आहे तो घराबाहेर कमी पडतो, ज्याचं वजन जास्त आहे त्याच्या चरबीत डी अडकून बसतं, वय वाढलं की कातडी डी कमी बनवते, आणि या सगळ्यांना हृदयाचा त्रासही जास्तच होतो. म्हणजे डी कमी असणं हे आजाराचं कारण असण्यापेक्षा आजारी असण्याची खूण असू शकतं. पाऊस आणि छत्र्या बरोबर दिसतात म्हणून छत्र्यांमुळे पाऊस पडत नाही.

हे सोडवायचं तर अर्ध्या लोकांना डी, अर्ध्यांना खोटी गोळी देऊन वर्षानुवर्षं बघायचं, आणि ते करून झालंय. अमेरिकेतल्या व्हायटल अभ्यासात २५,८७१ लोक होते, रोज २,००० युनिट डी, २०१८ मध्ये निकाल आला, हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरे काही कमी झालं नाही. त्याच्याच एका शाखेने खास एट्रियल फिब्रिलेशन बघितलं, म्हणजे वरचे कप्पे तालाशिवाय थरथरतात तो आजार, ठोक्याच्या गडबडींतला सगळ्यात नेहमीचा, त्याचा निकाल २०२१ मध्ये आला आणि तिथेही फरक नाही. न्यूझीलंडच्या विडा अभ्यासात पाचेक हजार लोकांना महिन्याला एकदम मोठा डोस दिला, हृदयाला फायदा नाही. ऑस्ट्रेलियात २१,००० हून जास्त लोकांना महिन्याला ६०,००० युनिट दिले, २०२३ मध्ये छापलं, थोडा फायदा असावा असं वाटायला लावणारा आकडा आला पण तो इतका काठावर की ठामपणे काही म्हणता येत नाही. आणि फिनलंडमध्ये सुमारे २,५०० लोकांत रोज १,६०० किंवा ३,२०० युनिट दिले तिथे एट्रियल फिब्रिलेशन चांगलंच कमी दिसलं, पण ते मोजायला म्हणून तो अभ्यास आखलाच नव्हता, मागून आकडे चाळताना ते निघालं, म्हणून मी त्याच्यावर फार भार टाकणार नाही. छोट्या अभ्यासाचा गोड निकाल आणि मोठ्या अभ्यासाचा कोरडा निकाल समोरासमोर आले तर मी कोरड्याच्या बाजूने.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी, या अभ्यासांतल्या बहुतेक लोकांना मुळात डीची फारशी कमतरता नव्हतीच. व्हायटलमध्ये सुरुवातीची सरासरीच ३० च्या आसपास होती. भरलेल्या टाकीत पाणी ओतून फरक पडला नाही म्हणून रिकाम्या टाकीलाही पाण्याची गरज नाही असं सिद्ध होत नाही. म्हणजे ज्याचं डी ठीक आहे त्याने हृदयासाठी म्हणून वरून डी घेण्यात अर्थ नाही हे बऱ्यापैकी पक्कं झालं, ज्याचं ५-६ आहे त्याने ते भरून काढायचंच, हाडांसाठी आणि कॅल्शियमसाठी.

भरून काढताना मात्र हात आवरा. आठवड्यातून एकदा घ्यायचा ६०,००० युनिटचा डोस कोणीतरी रोजचा समजून महिना-दोन महिने घेतो आणि मग कॅल्शियम वर चढतं. मग वर सांगितलेलं सगळं उलट होतं, पठार आखडतं, क्यूटी छोटा होतो, सारखी तहान, सारखी लघवी, बद्धकोष्ठ, उलट्या, माणूस गोंधळल्यासारखा बोलतो, मूत्रपिंडाला मार बसतो. डिगॉक्सिन चालू असलेल्या हृदयरोग्याला तर हे फारच महागात पडू शकतं, कारण ते औषध पेशीतलं कॅल्शियम आधीच वाढवत असतं. आणि डी चरबीत साठतं, गोळी बंद केली म्हणून दुसऱ्या दिवशी उतरत नाही, आठवडे, कधी महिने लागतात. पाण्यात विरघळणाऱ्या व्हिटॅमिनसारखं जास्तीचं लघवीतून गेलं असं इथे नाही.

आता समजा धडधड आहे आणि डी कमी आलंय, तर रिपोर्टात बघायचं काय? डी सोडून बाकीचं. कॅल्शियम किती आहे, आणि ते बघताना अल्ब्युमिनही बघायचं, कारण रक्तातलं जवळपास अर्धं कॅल्शियम प्रथिनांना चिकटलेलं असतं, प्रथिन कमी असेल तर एकूण आकडा उगाच कमी दिसतो, हृदयाला मतलब फक्त मोकळ्या कॅल्शियमशी. शंका असेल तर आयोनाइज्ड, म्हणजे हेच मोकळं कॅल्शियम थेट मोजता येतं. पोटॅशियम, मॅग्नेशियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चाललंय ते यावरून कळतं), थायरॉइड, हिमोग्लोबिन. ईसीजीच्या कोपऱ्यातला क्यूटीसी. आणि चालू औषधांची पूर्ण यादी, कारण ॲझिथ्रोमायसिन, डोम्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल अशी साधी वाटणारी नावं क्यूटी लांबवतात आणि आपण ती डॉक्टरांना सांगायचं विसरतो. डीचा आकडा वाचताना युनिट बघा, काही लॅब नॅनोग्रॅममध्ये देतात काही नॅनोमोलमध्ये, दुसरा आकडा अडीच पट मोठा असतो, २० नॅनोग्रॅम म्हणजे ५० नॅनोमोल, यावरून लोक उगाच खूश किंवा उगाच घाबरलेले मी बघितलेत. आणि टेस्ट २५-हायड्रॉक्सीचीच हवी, कॅल्सिट्रिऑल मोजलं तर डी कमी असतानाही ते नॉर्मल किंवा जास्तसुद्धा येऊ शकतं, कारण कारभारी शिक्के मारत सुटलेला असतो ना.

एक फसवं प्रकरण मात्र सांगतेच. धडधड झाली की माणूस घाबरतो, घाबरला की भराभर श्वास घेतो, भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उडतो, रक्त जरा अल्कधर्मी होतं, आणि मग मोकळं कॅल्शियम पटापट प्रथिनांना चिकटतं. म्हणजे ओठांना मुंग्या, बोटांना झिणझिण्या, कधी पंजा आखडणं, अगदी कॅल्शियम कमी झाल्यासारखं सगळं, आणि रक्त तपासलं तर एकूण कॅल्शियम ठणठणीत. श्वास शांत झाला की दहा-पंधरा मिनिटांत सगळं गायब. हे खोटं नसतं, नाटक नसतं, त्या काही मिनिटांपुरतं मोकळं कॅल्शियम खरंच कमी झालेलं असतं, पण त्याचा उपाय डीची गोळी नाही.

धडधडीसोबत शुद्ध हरपली, पळताना किंवा दचकल्यावर कोसळणं झालं, घरात कोणी तरुण वयात अचानक गेलेलं असेल, छातीत दुखत असेल किंवा दम लागत असेल तर डीचा रिपोर्ट बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी दाखवा.

माझं काय झालं ते राहिलंच. कॅल्शियम ९.४, मॅग्नेशियम पोटॅशियम ठीक, क्यूटीसी ४२०, पॅराथायरॉइड हार्मोन थोडं वाढलेलं, म्हणजे कारभारी हाडांकडून वसुली करून घर चालवत होता आणि हृदयाला काही कमी पडलं नव्हतं. होल्टर, म्हणजे चोवीस तास ईसीजी टिपत राहणारं छोटं यंत्र, लावलं, त्यात खालच्या कप्प्यातून मधूनच वेळेआधी येणारे सुटे ठोके निघाले, निरोगी हृदयात बऱ्याच लोकांना असतात तसे. डीचा कोर्स घेतला, तीन महिन्यांनी परत मोजलं तर ११ चं ३४ झालं होतं आणि जिना चढताना मांड्या भरून यायच्या ते बंद झालं. ठोके अजून चुकतात, रात्री डाव्या कुशीवर झोपलं की जास्त.